आईने भरलेली पावलं

प्रगतीच्या मोबाइलमध्ये ते ॲप पुण्याच्या हॉस्पिटलातल्या अनिता सिस्टरांनी टाकून दिलं होतं. प्रगतीच्या आईच्या, सुषमाच्या, छातीतल्या गाठीचं ऑपरेशन होऊन तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं, आणि मावशी तर त्याच दुखण्यानं आधीच गेली होती. "आई आणि मावशी, दोघींना झालंय. म्हणजे तुला धोका इतर मुलींपेक्षा जास्त," सिस्टर म्हणाल्या होत्या. "होणारच असं नाही. पण अंगाकडं लक्ष ठेवायचं." अशा मुलींसाठीच ते ॲप होतं. रोजची पावलं ते आपोआप मोजायचं. काय खाल्लं, झोप किती झाली, ते आपण सांगायचं. आणि महिन्यातून एकदा स्वतःची छाती चाचपून 'केली' असं दाबायचं. प्रगती चोवीस वर्षांची होती. तिनं मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला हजर झाली.

सणसवाडीच्या एका कंपनीत ती वायरिंगच्या लाइनवर तपासणीला होती. मोबाइल गेटवरच्या लॉकरात ठेवावा लागे. आठ तास या टेबलावरून त्या टेबलावर करून पिंढऱ्या भरून यायच्या, आणि सुटल्यावर मोबाइल उघडला की ॲप म्हणायचं, 'आज तुम्ही फक्त ३१२ पावलं चाललात.' खोलीत सोबत राहणारी अंजना हसून हसून लोळायची. "एवढं राबून पण तू आळशीच!"

पहिला महिना प्रगतीलाही गंमत वाटली. मग रोज संध्याकाळी सातला टिंग वाजलं की ती मोबाइल उपडा टाकायला लागली. ॲप बोलायचं गोड, पण आठवण करून द्यायचं त्या दुखण्याचीच.

जानेवारीत लाइनवर नवी मशिनं बसवायची होती म्हणून कंपनीनं आठ दिवस सुट्टी दिली. प्रगती खुटबावला घरी आली. ऑपरेशनपासून सुषमा अंगणाबाहेर पडत नव्हती. बायका आधी छातीकडं बघतात आणि मग तोंडाकडं, असं ती म्हणायची. उसाचं आणि शेरडांचं सगळं प्रगतीचे वडील संपत एकटेच बघत होते.

पहिल्याच संध्याकाळी टिंग वाजलं. सुषमा भाकरी थापत होती.

"काय म्हणतंय गं ते?"

"चाल म्हणतंय. सहा हजार पावलं."

"आन् न्हाई चाललं तर?"

प्रगती दमलेली होती. "न्हाई चाललं तर लाल व्हतं," एवढंच म्हणून ती भिंतीकडं तोंड करून पडली.

पुढचे तीन दिवस तिनं झोपच काढली. जेवायची, मोबाइल फळीवर चार्जिंगला लावायची आणि आडवी व्हायची. चौथ्या दिवशी सकाळी सहज ॲप उघडलं तर तीन हिरवी वर्तुळं. सहा हजार चाळीस, सहा हजार शंभर, सहा हजार तीनशे. खाली 'शाब्बास!' असंही लिहिलेलं. ॲप बिघडलं, असं तिला वाटलं.

त्या दुपारी तिला लवकर जाग आली. फळीवर नुसती चार्जरची वायर लोंबत होती. घरात आई नव्हती, गोठ्यात नव्हती. शेजारच्या सारजाबाई उन्हात तूर निवडत बसल्या होत्या. त्यांनीच सांगितलं, "तुझी आय कालव्याकडं गेली की. तीन दिस झालं, दुपारची जातीया."

प्रगती तशीच निघाली. कालव्याच्या भरावावर आई झपाझप चालत होती. मोबाइल रुमालात बांधून कमरेला खोचलेला, डावीकडून पदर घट्ट आवळलेला. लेकीला पाहून ती थांबली, पण चोरी सापडल्यासारखी नाही.

"उठलीस व्हय? हजारभर ऱ्हायलीत अजून."

"आये, माझी पावलं तू कशी भरशील?"

"का? मोबाइल तर तुझाच हाय."

प्रगतीला हसू आलं, आणि ते अर्ध्यातच विरलं. आई कालव्याच्या पाण्याकडं बघत होती.

"तू म्हणलीस, लाल व्हतं. मला काय, लाल म्हंजी तेच वाटलं. माझ्याकडनं आलंय तुझ्याकडं. मग मी चालायला नगं?"

दोघी भरावावरच बसल्या. प्रगतीनं तिला सगळं नीट सांगितलं. लाल म्हणजे फक्त पावलं कमी पडली. चालल्यानं धोका थोडा कमी होतो, पुरता जात नाही. आणि हे ज्याचं त्यानंच चालायचं असतं. सुषमानं ऐकून घेतलं. मग एकदम विचारलं, "आन् छाती बघतीस का?"

प्रगतीनं नाही म्हणून मान हलवली. चार महिने ती न बघताच 'केली' दाबत होती. हात तिथवर जायचा आणि काही लागलं तर काय, म्हणून माघारी यायचा. हे तिनं अंजनालाही सांगितलं नव्हतं. आईला सांगितलं.

आई रागावली नाही. "मला आंघोळीत लागली व्हती. वाटाण्याएवढी," ती म्हणाली. "दुखत नव्हती, म्हणून कुणाला बोलले न्हाई. बाजरीची काढणी व्हती, मग दिवाळी आली. चार महिनं. डाक्टर म्हणलं, तवाच आला असता तर एवढं कापावं लागलं नसतं." तिनं पदर नीट केला. "भ्या वाटतंच. भीत भीत बघायचं."

घरी आल्यावर तिनं आतल्या खोलीचं दार लावून घेतलं आणि लेकीला कॉटवर उताणी झोपवलं. बोटांची टोकं नाही, बोटं सपाट. गोल गोल फिरवत काखेपर्यंत. आईचा हात आधी, मग त्याच जागी प्रगतीचा. आईची बोटं गार होती आणि अजिबात थरथरत नव्हती. कुठंही काही लागलं नाही. प्रगतीनं श्वास सोडला आणि तिच्या ध्यानात आलं, की कितीतरी दिवस आपण तो अर्धाच घेत होतो.

मग आईनं स्वतःची चोळी सोडली. "बघ. तू अजून पाहिलं न्हाईस." आडवा, फिकट व्रण होता. प्रगतीनं त्यावर बोट ठेवलं.

उरलेल्या सुट्टीत दोघी रोज कालव्यावर गेल्या. मोबाइल प्रगतीच्या हातात.

फेब्रुवारीत प्रगतीची सहा महिन्यांची तपासणी होती. दोघी सकाळच्या गाडीनं पुण्याला गेल्या. सोनोग्राफीत काही निघालं नाही. डॉक्टरांनी वर्षानं यायला सांगितलं. प्रगतीनं मग अनिता सिस्टरांना गाठून सांगितलं, की जानेवारीतले चार दिवस खोटे आहेत, आणि आधीच्या चार महिन्यांतलं 'केली' पण. सिस्टरांनी ते रेकॉर्डमधून काढायला लावलं. "खरं सांगितलंस, बरं झालं. असं करणारी तू एकटी नसशील," त्या म्हणाल्या. "कामावर मोबाइल जवळ नसतो, हे पण लिहून देते. आम्हाला सुचलंच नव्हतं. पण त्या चार दिवसांत चाललं कोण?"

"मी," सुषमा म्हणाली.

सिस्टरांनी तिची फाइल काढली. मागच्या दोन्ही खेपांना तिथं 'घराबाहेर पडत नाहीत' असं लिहिलेलं होतं. "आता किती चालता, काकू?"

"मोजत न्हाई. कालव्याच्या पुलापतूर जाते आन् येते. सारजाबाईबी येती संगं."

"पूल किती लांब आहे?"

सुषमानं लेकीकडं पाहिलं. प्रगतीलाही ते ठाऊक नव्हतं. सिस्टरांनी पेन उचललं आणि जुन्या ओळीखाली लिहिलं, 'रोज पुलापर्यंत.'