यंत्रातली बाभळीची खुंटी

कोरेगावात हरळी उपटून बांधावर फेकणारे शेतकरी पैशाला पासरी, पण मुद्दाम हरळी लावणारा एकच, आणि तो नेमका आमच्या घरात. आमचे हवालदार, म्हणजे माझे मालक, लढाई संपल्यावर फौजेतून परत आले ते एक यंत्र घेऊनच. पुण्याच्या छावणीतला साहेब विलायतेला जाताना त्यांना देऊन गेला होता. दोन चाकं, मधे गोल फिरणारी पाच वाकडी पाती, खाली धारेची पट्टी आणि ढकलायला लांब दांडा. आता गवत कापायचं तर आधी गवत हवं, म्हणून ह्यांनी दारापुढं चार बाजांएवढ्या जागेत हरळी लावली. शेजारचे आप्पासो येता-जाता विचारायचे, "सयाजी हवालदार, आमच्या उसातली बी घिऊन जावा की. वर जेवाय घालतो." हे नुसते हसायचे. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात जायची.

यंत्र चालवायचं म्हणजे घरात कवायतच. आधी दव वाळेपर्यंत थांबायचं, कारण ओल्या गवतावर पाय घसरतो. मग खडे, काटे, खिळे वेचायचे, कोंबड्या डालायच्या, पायात फौजी बूट चढवायचे. काम होईपर्यंत सासूबाईंनीसुद्धा ओट्यावरून उतरायचं नाही. नंतर पाती पुसायची, तीही काठीला फडकं बांधून. तेल द्यायचं, आणि शेवटी पात्यांच्या मधे बाभळीची जाड खुंटी ठोकायची. पुढच्या खेपेला हातात दांडा धरल्याशिवाय ती काढायची नाही.

"एवढी थेरं कशापायी?" मी एकदा विचारलं.

"त्यात बोट घालायचं न्हाई. कवाच न्हाई," हे म्हणाले. "चाक हाललं की पातं फिरतं. त्याला बोट आन् गवत सारखंच."

एरवी माणूस मवाळ, पण हे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. मला वाटायचं, फौजेतून आलेल्या माणसाला कुणावर तरी हुकूम सोडायला हवा असतो. मी मान डोलवायची आणि विसरून जायची.

खंडेनवमीला घरातलं सगळं लोखंड पूजेला बसतं. मी विळे, कुऱ्हाड, नांगराचा फाळ धुऊन मांडले. हे बैल धुवायला ओढ्यावर गेले होते. यंत्र जड, म्हणून ते जागेवरच पुजायचं ठरवलं. खुंटी मधे फार ओंगळ दिसत होती. ओढून पाहिली, निघेना. तिला आणि ती ठोकणाऱ्याला दोन शब्द सुनावले आणि राहू दिली.

कुंकू प्रत्येक पात्याला लागायला हवं. नवीन हत्यार, त्यातून साहेबाचं, त्याचं एक पातं उपाशी ठेवून कसं चालेल? वरची पाती झाली. खालच्यासाठी मी पट्टीच्या फटीत बोटं घातली. तेवढ्यात आमच्या सासूबाई, भामाबाई, पाया पडायला आल्या. त्यांची नजर अधू. माझा हात कुठं आहे ते त्यांना दिसलं नाही. त्यांनी दांडा दोन्ही हातांनी धरला, वाकल्या आणि सगळा भार पुढं टाकला.

चाक हललं. पातं माझ्या दोन बोटांवर आलं आणि खुंटीला अडून करकरत थांबलं.

"आत्याबाई," मी हळूच म्हटलं, "दांडा सोडा. मागं व्हा."

हात बाहेर काढला. कातडीला नुसता चरा पडला होता. आठ माणसांच्या भाकरी थापणारा तो हात मी पदरात धरून बसले आणि मला हुंदका आवरेना. ज्या खुंटीला घटकेपूर्वी शिव्या घातल्या होत्या, तिला मी पहिल्यांदा मनापासून हळदीकुंकू लावलं.

हे आल्यावर सगळं सांगितलं. वाटलं, आता ओरडा बसणार. पण ह्यांनी माझा हात दोन्हीकडून उलटून पाहिला आणि खाली बसून ते रडायला लागले.

"पाटणचा अर्जुना," ते म्हणाले. "छावणीत माळी हुता. यकदा ह्येच यंत्र पुसत हुता आन् मी चेष्टेनं दांडा ढकलला. दोन बोटं गेली त्याची. दवाखान्यात बघाय बी गेलो न्हाई मी, लाज वाटली. त्यो तसाच गावाला परत गेला. ही खुंटी तवापास्नं ठोकतो."

वर्षभर मी त्यांना हसले होते. त्या दुपारी मला स्वतःचाच राग आला.

दसरा झाला आणि तिसऱ्या दिवशी मी पहाटे ज्वारीच्या भाकरी केल्या, शेंगांची चटणी कुटली आणि गाठोडं बांधलं.

"कुटं?" हे म्हणाले.

"पाटणला."

"त्यो दारात उभं करायचा न्हाई मला."

"नगं करू दे. भाकरी तर घील."

साताऱ्यात मोटार बदलून दुपारी पोचलो. अर्जुना परसात घेवड्याचा वेल बांधत होता, अंगठा आणि दोन बोटांनी. ह्यांना पाहिलं आणि त्याचा हात थांबला. हे कुडाच्या दाराशीच थबकले. मग मीच पुढं झाले आणि खुंटीपासून सगळं सांगितलं. "तुमच्यामुळं माझा हात वाचला, भाऊजी. म्हणून माझ्या हातची भाकरी आणलीया."

"बघू हात," तो म्हणाला. मी पुढं केला. त्याने तो बराच वेळ निरखला. मग खाली बसून भाकरीचा तुकडा मोडला, चटणीला लावून खाल्ला.

"बरं झालं, वैनी," तो म्हणाला. "माझी बोटं वाया गेली असंच समजत हुतो मी."

मग दाराकडं न बघताच तो थोडा सरकला आणि शेजारची जागा हाताने झाडून म्हणाला, "सयाजी, यी. ऊन लागतंय तितं."