खेकड्यानं फोडलेली पार

माणूस खोटं बोलतो तेव्हा निदान नजर तरी चुकवतो. पत्रूभाऊंनी तीही चुकवली नाही. भर ग्रामसभेत, माझ्या बाबांच्या डोळ्यांत डोळे घालून ते म्हणाले, "खेकड्यानं फोडली असंन पार, दादाजी. तुमी जत्रा पाहाले गेलते, राखाले कोण होतं?" आणि सभा हसली.

जत्रा नव्हती ती. आम्ही चंद्रपूरला दीक्षाभूमीवर गेलो होतो, दरवर्षी ऑक्टोबरात जातो तसे. दोन दिवस घराला कुलूप होतं. शेतात उशिरा पिकणारं भारी धान दाणा भरायला आलेलं, पाऊस पोळ्यापासूनच रुसलेला, आणि आमच्या बोडीत शेवटचं एक पाणी शिल्लक. बोडी म्हणजे शेताच्या डोक्याशी मातीची पार, म्हणजे बांध, घालून अडवलेलं लहानसं तळं. गोंडपिपरीकडच्या आमच्या उतारावर ज्याची बोडी भरलेली, त्याचंच धान पिकतं. परत आल्या आल्या बांध्यांत, धानाच्या वाफ्यांत, सोडायचं म्हणून बाबांनी ते पाणी जिवापाड जपलं होतं. परत आलो तर बोडीत नुसता चिखल, आमच्या बांध्यांना भेगा, आणि खाली, आमच्या शेताला लागूनच, पत्रूभाऊंच्या बांध्या अशा भरलेल्या की बगळे उतरले होते.

खेकडे पार पोखरतात, हे खरं आहे. पण खेकड्याचं भोक गोल असतं आणि तोंडाशी त्यानं उकरून काढलेल्या ओल्या मातीचा ढीग असतो. ही फट फावड्याच्या पात्याएवढी रुंद होती आणि दोन्ही कडा सरळ कापलेल्या. मी बाबांना हाताला धरून नेलं आणि दाखवलं. बाबांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "पत्रूच्या बापासंग मी एका ताटात जेवलो, शकू. त्याचा पोरगा असा नाई करणार. खेकडाच असंन. मी गेलो म्हणून पार गेली."

त्या वर्षी आमचं धान पोचट निघालं. ते मी एखाद वेळ विसरलेही असते. पोचट धान ढोरं खातात, पुढच्या वर्षी पुन्हा रोवणी होते. पण बाबा त्यानंतर कधी चंद्रपूरला गेले नाहीत. दीक्षाभूमीचा दिवस आला की अख्खा मोहल्ला पांढरे कपडे घालून गाडीत बसायचा आणि बाबा एकटे पारीवर जायचे. एरवीही रोज सकाळी तिथेच. हातात चिकणमातीचा गोळा, उकिडवे बसायचे, बोटांनी पार चाचपत पुढे सरकायचे, भोक सापडलं की बुजवायचे. शेवटच्या दुखण्यातसुद्धा मला सांगत होते, "पारीकडे पाहत जाजो, शकू." माझा बाप स्वतःला गुन्हेगार समजून मेला. आणि खरा गुन्हेगार बाजूच्या धुऱ्यावर, दोन शेतांमधल्या बांधावर, तंबाखू मळत उभा राहायचा. मेल्यानं मयतीला खांदासुद्धा दिला!

नवऱ्याशी पटलं नाही म्हणून मी केव्हाचीच माहेरी आलेली. बाबांच्या मागे शेत माझ्याच अंगावर आलं. त्या मयतीहून परत येताना मी ठरवलं. माझ्या बाजूचा एक थेंब या माणसाच्या शेतात जाऊ द्यायचा नाही. कोरडा पडू दे, तडफडू दे, आणि एक दिवस चार लोकांत त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं की पार मीच फोडली.

आता पाणी अडवायचं कसं, ते शिकायला मला कुठे जावं लागलं नाही. सरकार घरी चालत आलं. आमच्या गावाला नवीन कृषी सहायक आला होता, चंदन नावाचा, उत्साहानं नुसता फसफसणारा. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' म्हणत दारोदार फिरायचा आणि लोक त्याला चहा पाजून वाटेला लावायचे. मी एकटीनं त्याला बसवून घेतलं. म्हटलं, "बाप्पा, माझ्या बोडीच्या वर बरड आहे. तिथलं सगळं पाणी अडवायचं आहे. सगळं. खाली काहीच जायला नको." पोरगा इतका खूश झाला की त्याला माझ्या आवाजातलं काही ऐकूच आलं नाही.

बरडावर उताराला आडवे चर खणले. रोजगार हमीच्या बाया होत्या, मी होते, आणि पावसाळ्याआधीच्या उन्हात आमच्या हातांना घट्टे पडले. नाल्यात दगडांचे बांध घातले. बोडीतला गाळ काढून शेतात टाकला, पार कमरेएवढी उंच केली, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सांडवा हलवला. बोडी भरली की जास्तीचं पाणी सांडव्यातून आजवर पत्रूभाऊंच्या बांध्यांत उतरायचं. तो सांडवा बुजवला आणि दुसऱ्या टोकाला दगड बसवून नवा काढला, तो सरळ नाल्यात. त्या दिवशी इंदुताईनं, माझ्या लहानपणच्या मैत्रिणीनं, मला विचारलं, "इतकी काऊन हसून राह्यलीस व?" मी म्हटलं, गाळ चांगला निघाला.

पहिल्या पावसाळ्यात मजा आली. पत्रूभाऊ धुऱ्यावर उभे राहून वर बघायचे. माझी बोडी तुडुंब आणि त्यांच्या बांध्या रोवणीसाठी आभाळाकडे तोंड करून बसलेल्या. अर्ध्या बांध्या त्यांना पडीक ठेवाव्या लागल्या. मी रोज जेवणाचा डबा मुद्दाम पारीवर बसून खायची. भाकर इतकी गोड कधी लागली नव्हती.

दिवाळी झाली. पत्रूभाऊंच्या विहिरीचा तळ दिवाळीनंतर दिसायला लागतो, हे गावात सगळ्यांना माहीत. मी वाट पाहत होते. डिसेंबर गेला. जानेवारीत त्यांच्या त्या पडीक बांध्यांत हरभरा हिरवागार दिसला. मला वाटलं ओल असेल, मरेल. फेब्रुवारीत मोटर चालल्याचा आवाज आला. मी पाय आपटत गेले आणि त्यांच्या विहिरीत वाकून पाहिलं. माझं तोंड मला पाण्यात दिसलं.

चंदनला विचारलं तर तो टाळ्या वाजवायचाच बाकी होता. "बाई, चरात अडलं ते पाणी जमिनीत जिरलं. बोडीतलंही हळूहळू खाली झिरपते. तुमच्या खालच्या साऱ्या विहिरी जिवंत झाल्या न!" आता यावर काय बोलणार? त्या मेल्या घोषणेतलं मी अर्धंच ऐकलं होतं. अडवायचं कळलं होतं, जिरवायचं डोक्यातच आलं नव्हतं. वरून वाहणारं पाणी मी शत्रूला बंद केलं आणि जमिनीच्या पोटातून त्याच्या घरात पोचवलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, म्हणतात ते हेच.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी गिळलं असतं. पण पत्रूभाऊ टोपलीभर वांगी घेऊन माझ्या दारात आले. "पयला तोडा तुमाले, शकुबाई. तुमच्या पुण्याईनं विहिरीले पाणी लागलं." मी ती वांगी त्यांच्या देखत बकरीपुढे टाकली. ते हसले. मग ग्रामसभेत, ज्या जागी उभं राहून खेकडा म्हणाले होते त्याच जागी उभं राहून, त्यांनी माझा सत्कार करावा असं सुचवलं. शाल आली, फूल आलं, टाळ्या झाल्या. ती शाल अंगावर आगीसारखी लागत होती. मी घरी आले आणि ओट्यावर बसून ओक्साबोक्शी रडले. बाबांना या सभेनं हसून पाठवलं होतं, आणि मला त्याच माणसाच्या हातून शाल.

मे महिन्यात बोडी आटली तेव्हा मी पिकअप करून चंद्रपूरहून प्लॅस्टिक आणलं. शेततळ्यात अंथरतात ते काळं, जाड. ते बोडीच्या तळाला आणि पारीला अंथरलं की थेंब झिरपत नाही. पाणी वरच्या वर राहतं, माझं धान भिजतं, खालच्या विहिरी कोरड्या. माझ्या डोक्यात एवढंच होतं.

इंदुताई धावत आली. "काय करून राह्यलीस तू? माही विहीर खालीच आहे. तुहीबी खालीच आहे. स्वतःचं नाक कापून पत्रूले अपशकुन करतेस का?"

"कापते," मी म्हटलं. "माझं नाक आहे."

"अन् माहं?"

मी कामाच्या बायांना हाक मारली, "पसरा गं."

प्लॅस्टिकची गुंडाळी तळापाशी उलगडायला लागली तेवढ्यात पत्रूभाऊ आले. अनवाणी आले होते. त्यांच्या शेतात मिरची उभी होती, पुढच्या वर्षी आणखी लावायची म्हणून नवी पाईपलाईन टाकलेली. पाहताक्षणी त्यांना सगळं कळलं.

"शकुबाई, असं नका करू जी. हात जोडतो."

"हात नको. बोला."

"काय बोलू?"

"पार कोणी फोडली?"

ते इकडेतिकडे पाहायला लागले. बाया थांबल्या होत्या. "आता इतक्या वर्षाची गोष्ट... खेकड्यानंच..."

"पसरा गं," मी म्हटलं.

प्लॅस्टिक सळसळत आणखी पुढे गेलं. पत्रूभाऊ खाली बसले. "मीनं फोडली," असं काहीतरी जमिनीकडे पाहून पुटपुटले.

"मोठ्यानं. बाबा दूर गेले आहेत, त्यांना ऐकू गेलं पाहिजे."

"मीनं फोडली!" ते ओरडले. "फावड्यानं फोडली. माहं धान डोळ्यासमोर जळून राह्यलं होतं, मले काही सुचलं नाई. दादाजी कायी बोलले नाई म्हणून मले वाटलं, चालून गेलं."

"चालून गेलं?" माझा आवाज फाटला. "माझा बाप रोज सकाळी पारीवर भोकं शोधत फिरला! तुम्ही धुऱ्यावरून पाहत होता. एकदा तरी म्हणायचं होतं, दादाजी उठा, तुमची चूक नाही. तेवढंच म्हणायचं होतं!"

पत्रूभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. खरं होतं की विहिरीसाठी होतं, मला माहीत नाही आणि मला त्याची गरजही नव्हती. इंदुताई माझ्याजवळ आली, हळू म्हणाली, "झालं न आता? गुंडाळू?"

वाटलं होतं, हे ऐकलं की छाती हलकी होईल. झाली, पण थोडीच. मी म्हटलं, "गुंडाळा. पण हे प्लॅस्टिक माझ्या पडवीत राहील, आणि पत्रूभाऊ, पाऊस लागला की रोज सकाळी तुम्ही पारीवर यायचं. चिकणमातीचा गोळा घेऊन. भोकं शोधायची, बुजवायची. वाटेनं जाणाऱ्यानं विचारलं काय करता, तर सांगायचं, का करता ते. ज्या दिवशी आला नाहीत, त्या दिवशी मी हे अंथरेन."

ते आले. मृग लागल्यापासून रोज येत राहिले. उकिडवे बसायचे, बाबांसारखेच बोटांनी चाचपत पुढे सरकायचे. रोवणीला जाणारे लोक थांबून विचारायचे आणि ते सांगायचे, आधी कुरकुरत, मग सवयीनं. गावाला सगळं कळलं. जे तेव्हा सभेत बाबांना हसले होते ते आता मला पाहून मान खाली घालत होते. मी पारीच्या टोकाला उभी राहून हे सगळं पाहत असे. एकदा पाठमोरे बसलेले पाहून मला क्षणभर बाबाच वाटले, आणि मला इतका राग आला की विचारू नका. माझ्या बाबांची बसायची जागासुद्धा यांनी घेतली!

श्रावणात एका संध्याकाळी मी पूर्ण पार फिरले. एक भोक नाही. इतकी नीट पार बाबांच्या हयातीतही नव्हती. उद्या हा माणूस येईल, पाहील, आणि सरळ उठून घरी जाईल. मला ते सहन होईना. मी घरी गेले, सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, आणली, आणि पारीच्या बाहेरच्या अंगाला एक भोक पाडलं.

सकाळी पत्रूभाऊ आले. भोकापाशी थांबले. बोट आत घातलं, कडेवरून फिरवलं. तोंडाशी मातीचा ढीग नव्हता. खेकडा माती बाहेर काढतो, सब्बल आत दाबते, हे त्यांनाही माहीत होतं. ते उठून उभे राहिले. धुऱ्यावरून इंदुताई आणि रोवणीच्या बाया येत होत्या. त्या जवळ येईपर्यंत ते थांबले, आणि मग त्या दिवशी ग्रामसभेत बाबांच्या डोळ्यांत पाहिलं होतं तसंच माझ्या डोळ्यांत पाहून मोठ्यानं म्हणाले, "शकुबाई, आज दोन पायाचा खेकडा येऊन गेला जी."

बाया थांबल्या. इंदुताई एकदा भोकाकडे पाहू लागली, एकदा माझ्याकडे. मी म्हणू शकत होते, मला काय माहीत, असेल एखादा खेकडा. शब्द अगदी जिभेवर आले होते. किती सोपे होते ते! तेवढे सोपे असतात हे मला त्या दिवशी कळलं.

"हाव," मी म्हटलं. "मीनंच पाडलं. काल संध्याकाळी, सब्बलीनं."

पत्रूभाऊंचं तोंड उघडंच राहिलं.

"तुमाले सांगाले इतके वर्षं लागले," मी म्हटलं. "मले नाई लागले. आता बुजवा."

ते खाली बसले आणि बुजवायला लागले.