दहा वाजताची सावली

धाकट्याच्या खोलीत चित्र नव्हतं. आक्कांनी दारातून एकदा पाहिलं, आत येऊन पुन्हा पाहिलं, आणि चष्मा पुसून तिसऱ्यांदा पाहिलं. लोखंडी खाट, तिच्यावर पट्टीने मापून घडी घातल्यासारखी चादर, ओळीने मांडलेले धुतलेले ब्रश, आणि खिडकीसमोर पोपडे आलेली पिवळट भिंत. तीन महिने हा पठ्ठ्या करत काय होता?

जुन्या कापडगिरणीतल्या बारा खोल्या होत्या त्या. फौजेतून निवृत्त झालेल्यांनी इथे येऊन राहायचं, रंग, माती, लाकूड हवं ते घ्यायचं आणि मनात असेल ते घडवायचं. तीन महिन्यांनी संचालिकाबाई काम बघायच्या. काम असेल त्याला आणखी सहा महिने मिळत, नसेल त्याने किल्ली द्यायची. आज पाच वाजता त्या धाकट्याकडे येणार होत्या. किल्ली दिली की तो परत आक्कांच्या घरी, मागच्या खोलीत, दाराकडे पाठ करून बसणार. दोन वर्षं त्यांनी ते काढलं होतं. सख्ख्या भावाचा कंटाळा आला असं त्या कुणाशी बोलल्या नव्हत्या. पण आला होता, आणि त्याची लाजही वाटत होती.

शेजारच्या खोलीतला पलटणीचा जुना आचारी मातीने भरलेले हात घेऊन डोकावला. त्याने चाळीस मुंडकी केली होती, सगळी तोंड उघडून बसलेली. जवानांना दुसऱ्या कुठल्या अवस्थेत त्याने कधी पाहिलंच नव्हतं म्हणे. धाकटा दिवसभर दार लावून राबतो, याची त्याने ग्वाही दिली.

"पाच डबे रंग संपवला यानं," तो म्हणाला. "गेला कुठे, देव जाणे. प्यायला असेल."

तो गेल्यावर आक्कांनी विचारलं, "धाकट्या, चित्र कुठाय?"

"आहे की."

"मला कसं दिसत नाही?"

"मग बरोबर जमलंय," धाकटा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता की आणखी काही, आक्कांना उलगडा होईना.

हा असाच. पाच वर्षांचा असताना लपाछपीत धान्याच्या कणगीमागे जाऊन बसला होता. आक्का शोधून थकल्या, दुसऱ्या खेळाला लागल्या आणि विसरूनही गेल्या. दिवे लागल्यावर हा बाहेर आला तो रडतच, मला कुणी शोधलंच नाही म्हणून. पुढे फौजेत कामही तसलंच मिळालं: गाड्या, तंबू, तोफा अशा रंगवायच्या की शत्रूला दिसू नयेत. आज अख्खा पूल नाहीसा केला, असं एकदा त्याने पत्रात लिहिलं होतं. आक्कांनी ते पत्र गल्लीभर वाचून दाखवलं होतं.

पाचाला संचालिकाबाई आल्या. चारी भिंती बघितल्या, खाटेखालीही बघितलं. मग अगदी हळुवारपणे म्हणाल्या की काहींना नाही जमत, त्यात कमीपणा नाही, किल्ली तेवढी द्या. धाकट्याने टाचा जुळवून ती लगेच दिली. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्याला इथे कुणी हुकूम दिला होता. त्याला जरा बरंही वाटलेलं दिसलं.

आक्का त्याचे सदरे पिशवीत भरू लागल्या. भरता भरता नजर भिंतीवर गेली आणि हात थांबला. खिडकीच्या गजांची सावली भिंतीवर तिरकी पडली होती. पण खिडकी पूर्वेची, आणि ऊन तर केव्हाच इमारतीच्या मागे गेलेलं. त्या उठल्या आणि सावलीवर हात ठेवला. हाताला वाळलेल्या रंगाचा थर लागला.

"बाई, ही सावली सकाळची आहे."

"दहाची," धाकटा म्हणाला.

पोपडेही रंगवलेले होते. आक्कांनी भिंतीला नाक लावलं. गजांच्या सावलीत आधी एक बूट सापडला, मग गुडघा, मग उशाला हात घेऊन झोपलेला अख्खा माणूस. एकदा दिसल्यावर तो पुसला जाईना.

"हा कोण रे?"

"जोडीदार माझा. रात्रपाळी करून झोपला होता. तंबू मीच रंगवलेला." धाकट्याने ओळीतला एक ब्रश उचलून पुन्हा जागेवर ठेवला. "इतका छान, की आपल्याच गाडीवाल्याला दिसला नाही, गाडी वरूनच गेली. त्याची चूक नव्हती, आक्का."

दोन वर्षं मागच्या खोलीत हे होतं, आणि आक्का रोज त्याला जेवायला काय करू एवढंच विचारत राहिल्या होत्या. बाईंना अजूनही माणूस दिसत नव्हता. आक्कांनी त्यांचं बोट धरून बुटापासून डोक्यापर्यंत फिरवलं, तेव्हा त्या एकदम मागे सरल्या. बघायला येणाऱ्यांना तो दिसावा म्हणून त्याच्या कडेने एक रेघ ओढाल का, असं त्यांनी चाचरत विचारलं.

"दिसला तर काम बिघडलं," धाकटा म्हणाला. "आणि नाही दिसला तर..." तो आक्कांकडे बघू लागला, कणगीमागून आल्यावर बघितलं होतं तसाच.

"काम आहे असं लिहा," आक्का बाईंना म्हणाल्या. हे भावासाठी म्हटलं की स्वतःच्या सुटकेसाठी, ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. बाईंनी वहीत काहीतरी लिहून खोडलं, पुन्हा लिहिलं, आणि किल्ली टेबलावर ठेवली.

धाकट्याने पांढऱ्या रंगात ब्रश बुडवला. भिंतीला हात न लावता तो खाली बसला आणि भिंतीपासून पावलाभर अंतरावर जमिनीवर एक जाड रेघ ओढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, गाड्या थांबवायला ओढतात तशी. हे चित्रातच धरायचं का, ते आक्कांना कळेना. पाय मात्र त्यांनी आपोआप मागे घेतला. ती रेघ दारातूनही स्पष्ट दिसत होती.