अकरा बोर्ड आणि एक डबा

सुनेत्राच्या गराजमध्ये अकरा स्नोबोर्ड होते, आणि ती स्वतः आयुष्यात एकदाही बर्फावरून घसरली नव्हती. चुकून घसरली होती ते सोडा. साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात तीस वर्षं हाडांची डॉक्टर म्हणून काढल्यावर, मुद्दाम घसरायला जाणाऱ्या माणसांचं पुढे काय होतं हे तिला पुरेपूर ठाऊक होतं.

बोर्डही साधेसुधे नव्हते. हल्लीचे बोर्ड उभे केले तर माणसाच्या हनुवटीपर्यंत येतात. हे पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे, माणसापेक्षा उंच. ताज्या, खोल बर्फात बुडू नये म्हणून तेव्हा असे लांबच लांब बनवायचे. एकाची शेपूट पाकोळीसारखी दुभंगलेली होती. एकावर जांभळ्या-पोपटी रंगांची अशी काही उधळण होती की तो बाहेर काढला की शेजाऱ्यांचा कुत्रा भुंकायचा.

हे सगळं सुरू झालं नकुलपायी. सहा वर्षांपूर्वी मुलाच्या तिसाव्या वाढदिवसाला भिंतीवर लावायला म्हणून तिनं ऑनलाइन एक जुना लांब बोर्ड घेतला. विकणारे गृहस्थ ब्रिस्टलचे, क्लाइव टकर. विमानांचे पंख बनवण्यात हयात गेलेली, आता रिटायर. त्यांची मुलगी जिल साउथहॅम्प्टनच्या बंदरावर क्रूझ कंपनीत कामाला होती, ती बोर्ड घरी आणून देणार होती. तिनं आणलाही, जाड खाकी कॅनव्हासच्या लांब पिशवीत घालून. सोबत चिठ्ठी होती: बोर्ड तुमचा, पिशवी मात्र कृपया परत पाठवा, ती माझ्या दिवंगत पत्नीनं शिवलेली आहे.

नकुलनं बोर्ड बघितला आणि म्हणाला, "आई, इट्स लव्हली, पण माझी फ्लॅट एवढी मोठा नाहीये." इथे जन्मलेला मुलगा, फ्लॅटचं लिंग चुकलं तरी मुद्दा बरोबर होता. बोर्ड गराजमध्ये राहिला.

राहता राहिली पिशवी. दिवाळीचे दिवस होते. आता आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. सुनेत्राला हे कुणी शिकवलं नव्हतं, पण शेजारची वाटी आईनं कधी तशीच परत केलेली तिनं पाहिली नव्हती. घरात अगदीच काही नसलं, तर चिमूटभर साखर. भांड्याला जो नियम तोच पिशवीला, असं धरून तिनं स्टीलच्या डब्यात चकल्या आणि बेसनाचे लाडू भरले, डबा त्या लांबलचक पिशवीत घातला आणि पिशवी जिलच्या हवाली केली.

फेब्रुवारीत पिशवी परत आली. आत घासून लख्ख केलेला रिकामा डबा, आणि डब्याशेजारी दुसरा बोर्ड. "पहिल्याला सोबत म्हणून," असं चिठ्ठीत लिहिलेलं.

सुनेत्राला वाटलं, म्हाताऱ्याला अडगळ काढायची असेल. पण पिशवी पुन्हा तिच्या घरी आली होती आणि ती रिकामी पाठवणं शक्य नव्हतं. तिनं नारळाच्या वड्या केल्या. दिवाळीच्या सुमारास तिसरा बोर्ड आला. मग वर्षातून दोनदा हे चालूच राहिलं. डबा तिचा, पिशवी त्यांची, आणि दोन्ही बापडी ब्रिस्टल ते साउथहॅम्प्टन, सॉल्झबरीच्या रस्त्यावर येरझाऱ्या घालत राहिली.

तिचा नवरा जयंत रोज ट्रेननं रीडिंगला जायचा, तिथल्या एका आयटी ऑफिसात अजून नोकरी करायचा. गाडी गराजमध्ये लावण्याची आशा त्यानं पाचव्या बोर्डानंतर सोडली. "बायका साड्या जमवतात," तो म्हणायचा. "माझं नशीब बघ."

प्रत्येक बोर्डासोबत क्लाइवची चिठ्ठी असायची. वळणदार अक्षरात, फक्त निगा कशी राखायची एवढंच. कडांवरचा गंज कसा घासायचा. उन्हाळ्याआधी तळावर मेणाचा जाड थर इस्त्रीनं पसरायचा आणि तो खरवडायचा नाही, सहा महिने तसाच ठेवायचा. इस्त्री जुनी, वाफेची भोकं नसलेली घ्यायची. सुनेत्रा आधी कर्तव्य म्हणून करायची. मग तिला त्यात गोडी लागली. ऑपरेशन थिएटर सुटल्यापासून तिचे हात रिकामे होते, ते पुन्हा कामाला लागले. एका बोर्डाचे थर टोकाशी सुटले होते. तिनं सिरिंजमध्ये इपॉक्सीचा गोंद भरला, जाड सुईनं तो फटीत सोडला, वर क्लॅम्प आवळले आणि चोवीस तास कुणाला गराजमध्ये पाऊल टाकू दिलं नाही. जमलं तेव्हा तिनं क्लाइवना दोन पानी पत्र लिहिलं. तिला इतकं समाधान एखाद्या बऱ्या झालेल्या मांडीच्या हाडानंही क्वचितच दिलं होतं.

या माणसाला ती एकदाही भेटली नव्हती.

यंदा संक्रांतीला तिनं तिळाचे लाडू पाठवले. एप्रिलच्या एका शुक्रवारी बंदराजवळच्या सुपरमार्केटात जिल भेटली.

"तुमचा डबा पुढच्या आठवड्यात आणते," जिल म्हणाली. "डॅडनी पॅक करायला घेतलंय. या वेळी त्यांना जरा वेळ लागतोय."

"तब्येत बरी आहे ना?"

"तब्येत ठीक आहे. पण हा त्यांचा स्वतःचा बोर्ड आहे. शेवटचा. ते बर्फाच्या डोंगरावरून खाली उतरत असताना माझी आई त्यांना पहिल्यांदा दिसली, तेव्हा त्यांच्या पायात होता तो." जिलनं हातातली टोपली दुसऱ्या हातात घेतली. "मी म्हटलं, डॅड, हा राहू दे. तर म्हणतात, त्या बाईंनी दोन दिवस खपून लाडू केलेत, आपण डबा नुसता कसा पाठवायचा?"

सुनेत्रा ट्रॉली धरून जागच्या जागी उभी राहिली. अडगळ नव्हती ती. जिवापाड जपलेला एकेक बोर्ड काढून देत होता तो माणूस, आणि ती नारळाच्या वड्या थापत होती.

घरी आल्यावर तिनं कोट न काढताच जयंतला सांगितलं, "अरे, मी त्या माणसाला लुटलं."

जयंतनं सगळं ऐकून घेतलं. "टेक्निकली लूट नाही ती," तो म्हणाला. "फार पोलाइट दरोडा म्हण."

"गंमत नको करू. तो शेवटचा बोर्ड इथे आला ना, तर मला तोंड दाखवायला जागा नाही."

"मग येऊ देऊ नकोस. फोन करून सांग."

"फोनवर काय सांगू? तुमची गिफ्ट नको? किती रूड वाटेल ते. उद्या जाऊ या. सगळे परत करू."

शनिवारी सकाळी गाडीच्या मागच्या सीट आडव्या करून त्यांनी अकराच्या अकरा बोर्ड आत रचले, मध्ये जुन्या चादरी घालून. पाकोळीची शेपूट दोघांच्या खांद्यांमधून पार गिअरपर्यंत आली होती. वाटेतल्या बाथ गावापर्यंत जयंत गिअर बदलताना त्या शेपटीला दर वेळी सॉरी म्हणत होता.

क्लाइव टकर तिनं मनात रंगवले होते त्याहून बुटके निघाले. एवढासा माणूस तेवढ्या लांब बोर्डावर उभा कसा राहत असेल, असंच आधी तिच्या मनात आलं. त्यांनी दोघांना आत घेतलं. बैठकीच्या खोलीत लांबलचक भिंतीवर लाकडी हुकांच्या बारा जोड्या होत्या. अकरा जोड्या मोकळ्या. भिंतीवर जिथे जिथे बोर्ड होते तिथे तिथे रंग कमी उडालेला, त्यामुळे प्रत्येकाचा आकार अजून ओळखू येत होता. बारावा बोर्ड खाली टेबलावर होता, पांढरा, कडांना पिवळा पडलेला. शेजारी उघडी खाकी पिशवी आणि तिचा स्टीलचा डबा.

 वाटेत जुळवलेली वाक्यं सुनेत्रा विसरली.

"मिस्टर टकर, तुमचे बोर्ड मी परत आणलेत," ती म्हणाली. "सगळे. गाडीत आहेत. माझ्या हातून फार मोठी चूक झाली."

क्लाइवचा चेहरा उतरला. "आवडले नाहीत तुम्हाला?"

"आवडले म्हणूनच तर. मला वाटलं तुम्हाला नकोत. तुम्हाला वाटलं मला हवेत. आमच्यात कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. म्हणून मी पिशवीत काहीतरी घालत होते. तुम्ही उलट काही द्यावं म्हणून नव्हे."

"पण नियम तोच ना? मीही तुमचा डबा रिकामा कसा पाठवणार? जिलनं मला शोधून दाखवलं, ते लाडू करायला किती भाजत बसावं लागतं. त्याच्या तोडीचं माझ्याकडे दुसरं काय होतं?"

"तोडीचं लागत नाही हो," सुनेत्रा म्हणाली. तिला आता रडू येतंय का हसू, हे तिचं तिलाच कळेना. "काही नसलं तर साखर टाकतात."

"साखर."

"हो."

"किती?"

"चिमूटभर."

क्लाइव खुर्चीत बसले. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मोकळ्या हुकांवरून सावकाश नजर फिरवली, जणू प्रत्येकाजवळ थांबून त्याला हे सांगत होते. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते इतके हसले की जयंतनं उठून पाणी आणून दिलं.

"सहा वर्षं," डोळे पुसत ते म्हणाले. "आणि हे मला आत्ता सांगताय."

"मला माफ करा."

"थांबा, ऐकून घ्या. पहिला मी विकला तो सहज. बायको गेली, माझी मार्गारेट, त्यानंतर घरात बघणारं कुणी नव्हतं. म्हटलं, एक विकून बघू, दुखतं का. दुखलं. मग तुमचा डबा आला. पुढचे दोन-तीन आनंदानं दिले. पाचव्याला जिवावर आलं, खोटं कशाला बोलू. सहावा द्यायचाच नाही असं ठरवलं होतं. तेवढ्यात तुमचं ते सिरिंजचं पत्र आलं." त्यांनी उजवा हात पुढे केला. "हे बघा. तुम्ही डॉक्टर आहात."

अंगठ्याच्या मुळाशी सांधा सुजून चौकोनी झालेला होता. सुनेत्रानं सवयीनं हात हातात घेतला आणि हलकेच दाबून पाहिला. या हातानं इस्त्री पाच मिनिटंही धरवली नसती.

"म्हणजे किती वर्षं झाली?"

"आठ. तुम्हाला देण्याआधी बोर्डांवर गंजच चढत होता. परत आणलेत तर पुन्हा चढेल. ते अकरा घेऊन जा. चांगल्या घरी पडलेत, मला त्यांची काळजी नाही." मग ते टेबलाकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "हा मात्र द्यायचा नव्हता मला."

"हा कुठेही जाणार नाही," सुनेत्रा म्हणाली. "इस्त्री आहे का घरात?"

इस्त्री होती, मेणही होतं, वापराविना पांढरट पडलेलं. तिनं कोट काढला, बाह्या वर केल्या आणि पांढरा बोर्ड उपडा केला. तळ तहानलेला होता, तिचा तोच शब्द होता त्यासाठी. ती मेण पसरत होती आणि क्लाइव शेजारी उभे राहून, गेली सहा वर्षं कागदावर लिहिलेल्या सगळ्या सूचना आता तोंडी देत होते. कड संपते तिथे हळू. एका जागी थांबू नका. तिला त्यातली एकही नवी नव्हती, तरी ती प्रत्येकीला हो म्हणत होती. जयंतनं चहा केला आणि सगळ्यांना विचारलं, साखर किती. तेवढ्यावरून क्लाइव पुन्हा हसत सुटले.

निघण्यापूर्वी तिनं आणि जयंतनं बोर्ड उचलून बाराव्या हुकांवर चढवला. दर एप्रिलला येऊन त्याला मेण लावायचं, हे तिनं न विचारताच ठरवून टाकलं. खाकी पिशवी तिनं घडी घालून त्यांच्या कपाटात ठेवली. डबा राहिला तिथेच, घाईत विसरून. अकरा बोर्ड जसे आले तसे परत निघाले आणि जयंत पुन्हा सॉरी म्हणत गिअर बदलू लागला.

परतीच्या वाटेवर सुनेत्राला खूप हलकं वाटत होतं. तरी मनात एक खुटखुट होती. इंग्रज माणूस, समोर गोड बोलला, पण मागून जिलच्या हाती पांढरा बोर्ड पाठवून दिला तर? तसं झालं तर त्यांचा अपमान होईल म्हणून तो परत देताही येणार नव्हता.

दहा दिवसांनी बेल वाजली. दारात जिल होती. सुनेत्रानं आधी तिच्या मागे गाडीकडे पाहिलं. गाडी रिकामी होती. जिलच्या हातात फक्त स्टीलचा डबा होता.

"हे काय आहे मला विचारू नका," जिल म्हणाली. "डॅड सांगायला तयार नाहीत, पण सकाळपासून एकटेच हसतायत."

ती गेल्यावर सुनेत्रानं स्वयंपाकघरात येऊन डबा हलवून पाहिला. आत काहीतरी बारीकसं खडखडलं. तिनं झाकण काढलं. तळाशी साखरेचा एकच चौकोनी खडा होता, आणि नेहमीच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी.

"कोरड्या जागी ठेवावा. मेण लावू नये."

सुनेत्रा मोठ्यानं हसली, आणि मग चिठ्ठी धरून खिडकीपाशी थोडी रडलीही. बोर्ड भिंतीवरच होता. आता पुढच्या एप्रिलपर्यंत तरी तिथून तो कुणी हलवणार नव्हतं, आणि एप्रिलला ती स्वतःच जाणार होती.

तिनं चहा टाकला. साखर सोडून तिला आठ वर्षं झाली होती. तो खडा तिनं कपात घातला आणि नीट ढवळून प्यायली.