थोरला की धाकटा

"कुठला ज्योतिबा?" हेमलता फोनमध्ये ओरडली.

गेटवरच्या वॉचमनला तेवढं कुठलं सुचायला! प्रेस मशीनमध्ये हात सापडलाय, गाडी गेली, ओळखपत्रावरचा रक्तगट हॉस्पिटलला कळवलाय, बी पॉझिटिव्ह, असं धापा टाकत सांगून त्याने फोन आपटला.

बोम्मसंद्र्याच्या त्या कारखान्यात ज्योतिबा इंगळे दोन. थोरला तिचा नवरा, धाकटा त्याचा चुलतभाऊ. आजोबांचं नाव दोघांनाही ठेवलेलं. घरी थोरला आणि धाकटा म्हटलं की भागायचं. पण ओळखपत्रं छापणारी शेल स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरचा छोटासा प्रोग्राम, हेमलताने लिहिली होती, आणि तिथे थोरला-धाकटा कोण विचारतो? किल्लीवरून माहिती काढणाऱ्या असोसिएटिव्ह अ‍ॅरेत तिने कामगाराचं नाव हीच किल्ली केली, किल्लीमागे रक्तगट. तीच किल्ली पुन्हा आली की आधीचा रक्तगट पुसून नवा बसतो. एक शब्द तक्रार नाही. मेली स्क्रिप्ट चालली मात्र न अडखळता!

आत्ता, फोन हातात असताना, तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. यादीत धाकटा आधी, थोरला नंतर. दोन्ही कार्डांवर थोरल्याचाच बी. धाकट्याचा ओ. बी चढवलं तर तो जाईल.

"सर, हॉस्पिटल लागत नाही!"

"तिथे तपासूनच देतात अम्मा," समोरच्या टेबलावरचे तिचे साहेब शेषगिरी म्हणाले. "स्वल्प धीर धर."

"घाईत नाही तपासलं तर?"

तिने पुन्हा नंबर फिरवला. एंगेज. पुन्हा फिरवला. आणि तिच्या तोंडून मोठ्याने निघून गेलं, "देवा, थोरलाच असू दे."

शेषगिरींनी चमकून तिच्याकडे पाहिलं.

दार उघडलं. थोरला आत आला, धडधाकट, दोन्ही हात ग्रीसने माखलेले.

"हेमा, घाबरू नको, मी बरा आहे. धाकट्याचा..."

हेमलता किंचाळली. तिने घाईघाईने पुन्हा हॉस्पिटलचा नंबर फिरवला.

"अगं, मला काही झालं नाही. बघ तरी!" त्याने तिचा हात धरायला पुढे केलेला हात तिने जोरात झिडकारला. पलीकडे हॉस्पिटलात रिंग वाजू लागली होती.