अंगारकाचा चंद्र

मच्छिंद्रनं यान उतरवलं आणि कपाळावर हात मारून घेतला. पुन्हा तेच! यान टेकलं असं पडद्यावरची अक्षरं सांगत होती, आणि डोळ्यांना ते जमिनीपासून वर, अधांतरी लोंबकळताना दिसत होतं. मंगळाचा हा चंद्र, फोबोस, दिसायला बटाट्यासारखा ओबडधोबड. पण सॉफ्टवेअरच्या पोटात त्याचा हिशोब गुळगुळीत चेंडूचा, म्हणून यान खड्ड्यावर हवेतच टेकायचं. कॉम्प्युटरवर अंतराळयान उडवायचं हे सॉफ्टवेअर परदेशातल्या कुणा हौशी माणसानं फुकट वाटलेलं. त्यातला फोबोस खऱ्या फोटोंवरून घडवायचं खूळ जालन्यात, मस्तगडच्या या गड्याच्या डोक्यात शिरलेलं. एरवी याच कॉम्प्युटरवर तो लग्नपत्रिका करायचा. आई म्हणायची, "बसला बघा बटाटा घेऊन!"

"अहो, उठा आधी." दुर्गा दारात उभी होती. बायकोचा असा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. "आत्याबाईंचं काही बराबर न्हाई. घामानं भिजून राह्यल्यात."

मच्छिंद्रची आई, साळूबाई, मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. चेहरा पांढराफटक, हात लटलट कापत होते. आज अंगारकी. चंद्र दिसेपर्यंत पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही, हा त्यांचा नेम. आणि सकाळी सवयीनं शुगरची गोळी मात्र घेतलेली. औषध काय खाणं असतं व्हय, हा त्यांचा हिशोब.

मच्छिंद्रनं डॉक्टरांना फोन लावला. पलीकडून डॉक्टर ओरडलेच. रिकाम्या पोटी गोळी? साखर उतरलीय त्यांची. आधी साखरेचं पाणी पाजा, मग घेऊन या. वाटेत शुद्ध गेली तर काही खरं नाही.

शेजारचा सांडू रिक्षा आणायला पावसात पळाला. दुर्गानं पेला पुढं केला. साळूबाईंनी तोंड फिरवलं.

"आत्याबाई, हे बी औषधच समजा की."

"औषध कडू असतंय," साळूबाई म्हणाल्या. जीभ जड झाली होती, पण हेका जागच्या जागी.

मच्छिंद्रनं पेला ओठाला लावून पाहिला. त्यांनी दातखीळ बसल्यागत दात आवळले. अर्धं पाणी लुगड्यावर सांडलं.

"आई, अगं मरशील!"

"मरंन. तू पाळण्यात तापानं फणफणला होता, तव्हा बोललेला उपास हाय हा. मोडला तर तुझ्यावर यील." त्या धापा टाकत होत्या. "कॅलेंडरात बघ. साडेनवाला चंद्र हाय."

अजून सहासुद्धा वाजले नव्हते. बाहेर आभाळ असं गच्च की साडेनऊला तरी काय दिसणार होतं! या बाईनं त्याच्यासाठी जीव पणाला लावला होता, आणि त्यालाच तो वाचवता येत नव्हता.

दुर्गानं त्याला बाजूला ओढलं. "तुमच्या यंत्रात दाखवा ना चंद्र."

"खोटं दाखवू? घड्याळ पुढं सरकवून? तिला वेळ पाठ हाय, दुर्गे. लहानपणापासून माझी एक थाप पचली न्हाई तिच्यापुढं."

"मंग खरं काय हाय ते दाखवा. पण जल्दी करा!"

मच्छिंद्र जागच्या जागी थबकला. आपला चंद्र उगवायला वेळ होता. पण मंगळाचा? तो तर दिवसातून दोनदोनदा उगवतो. मंगळावर कुठून ना कुठून तो या घडीला उगवतच असणार!

त्यानं आईला खांद्याला धरून कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत आणून बसवलं. तेवढ्यात लाईट गेली. लोडशेडिंगला पण हीच वेळ सापडावी! कॉम्प्युटरखालचा बॅटरीचा डबा टीं टीं करायला लागला. म्हातारी बॅटरी, फार दम धरणार नव्हती. मच्छिंद्रनं सॉफ्टवेअरमध्ये आजची तारीख घातली, आत्ताची वेळ घातली, आणि यान मंगळाच्या जमिनीवर ठेवलं. तांबूस माळ, कोरडं आभाळ. फोबोसचा मागमूस नाही. जागा चुकली. त्यानं यान पश्चिमेकडं हलवलं. आईची मान छातीवर पडत चालली होती.

"आई, डोळे उघड! इकडं बघ!"

"आत्याबाई, झोपू नका," दुर्गा त्यांचे गाल चोळत म्हणाली.

तिसऱ्या खेपेला माळाच्या कडेला एक फिकट कण दिसला. हळूहळू वर सरकायला लागला. मच्छिंद्रनं तो मोठा केला आणि बोटानं आईला दाखवला. बटाट्यासारखा आकार, अंगभर खड्डे, एका टोकाला भलं मोठं भगदाड.

साळूबाईंनी कष्टानं पापण्या उचलल्या. "ह्यो आपला न्हाई."

खोटं बोलावं असं मच्छिंद्रच्या ओठावर आलं होतं. तिथंच विरलं.

"न्हाई. मंगळाचा हाय."

"मंगळाचा?" त्यांनी मान पुढं काढून बघितलं. "म्हंजे अंगारकाचा?"

"व्हय! आज त्याचाच तर वार, आई. अंगारकी."

"कुठून वर यायलाय?"

"मावळतीकडून. त्याची रीतच तशी."

"खरा हाय, का तू केलेला?"

डब्याची टींटीं आता एकसारखी चालू झाली होती.

"चंद्र खरा हाय. आत्ता, या घडीला तिथं उगवून राह्यलाय. चित्र तेवढं मी केलंय."

साळूबाईंनी एकदा पडद्याकडं बघितलं, एकदा लेकाकडं. मग थरथरते हात जोडून कपाळाला लावले.

"मूर्ती तरी काय, कुणीतरी घडवतंच," त्या पुटपुटल्या. "आण गं इकडं."

दुर्गानं पेला लावला. घोट, आणखी घोट. अर्धं पाणी पोटात गेलं आणि पडदा विझला. अंधारात मच्छिंद्रनं आईचा खांदा धरून ठेवला. हसू येत होतं की रडू, त्याला कळेना. आपल्या बटाट्याला आज कुणीतरी हात जोडले होते! इतके दिवस ज्या खुळापायी बोलणी खाल्ली, त्यानंच आईला वाचवलं होतं.

रिक्षा येईस्तोवर साळूबाईंचा घाम ओसरला, जीभ सुटली. मच्छिंद्रनं त्यांना हाताला धरून रिक्षात बसवलं, शेजारी स्वतः बसला. दुर्गा दारात उभी होती. साळूबाईंनी तिला हाक मारली.

"दुर्गे, माझं ताट झाकून ठेव. नैवेद्य बी ठेव. चंद्र उगवला की खाईन."

मच्छिंद्र चमकला. "आता कशाला? उपास सुटला की तुझा. अंगारकाच्या चंद्रावर."

"उपास असा सुटतो व्हय, येड्या?" साळूबाई पदरानं तोंड पुसत म्हणाल्या. "कुठला अंगारक अन् कुठलं काय. तू त्या चंद्राकडं बोट दाखवत होता ना, तव्हा तुझा हात माझ्यापेक्षा जास्त कापत होता. मनात म्हटलं, माझ्या आधी हेच पोरगं पडतंय." त्यांनी रिक्षावाल्याला चल म्हणून खूण केली. "हात जोडले ते तुझ्यासाठी. गणपतीला सांगितलं, उपास मी मोडला, काय करायचं ते माझं कर. याला धरू नको."

रिक्षा निघाली. पाऊस आत येत होता. मच्छिंद्रनं आईच्या बाजूचा पडदा ओढून घेतला आणि तो सुटू नये म्हणून दवाखान्यापर्यंत हातानं धरून ठेवला.