वेलंकनीला ठेवलेली कुबडी

नळाचे पाणी येऊन गेले, की हेमावती मला कोपऱ्यातून उचलायची. माझ्या तळाचे रबर ती ओल्या फडक्याने पुसायची. त्याला माती राहिली तर मी घसरते, आणि मी घसरले की तीही पडते. मग मला काखेत धरून ती डब्यात भाकरी आणि शेंगांची चटणी भरायची. गल्लीच्या तोंडाशी तिची मैत्रीण संघप्रिया थांबलेली असायची. दोघी सोलापुरातल्या एका गणवेशाच्या कारखान्यात काजे-बटणे करतात. आमची सकाळ वर्षानुवर्षे अशीच उजाडत असे.

मित्रांनो, मी एक जुनी कुबडी आहे. मोडीत निघालेल्या हातमागाच्या सागवानी लाकडातून प्रभुलिंगअप्पांनी मला आपल्या लेकीसाठी घडवून घेतले. पोलिओने तिचा उजवा पाय लहानपणीच गेला होता. काखेत रुतू नये म्हणून अप्पांनी माझ्या माथ्यावर जुन्या चादरीची पट्टी गुंडाळली. ते होते तोवर माझे कौतुक होते. ते गेले, घर तिच्या धाकट्या भावाचे, शिवशरणचे झाले, आणि माझा आवाज सर्वांना खुपू लागला.

"ही टकटक ऐकूनच पाव्हणं दारातनं माघारी जातेत," त्याची बायको रुद्राणी म्हणे. तिच्या मुलीची सोयरीक जमत नव्हती. "अक्का, कुणी आलं की आतच बसा की जरा."

"माझ्या खोलीवर या ऱ्हायाला," संघप्रिया वाटेत म्हणायची. "दोघींचं भागतंय की."

"भाऊ हाय गं माझा," एवढेच हेमावती म्हणायची.

पुढे शेजारची एक बाई तमिळनाडूतल्या वेलंकनीला, मेरीमातेच्या दर्शनाला जाऊन आली. बरी झालेली माणसे नवस फेडायला आपल्या कुबड्या तिथे ठेवून जातात, असे तिने सांगितले. शिवशरणने ते उलटे धरले: कुबडी ठेवली, की माणूस बरा होतो.

आम्ही गेलो. समुद्राकाठचे ते पांढरे, उंच मनोऱ्यांचे चर्च पाहून हेमावतीने पदर डोक्यावर घेतला. समोर वाळूचा रस्ता होता आणि सगळ्या धर्मांची माणसे त्यावरून गुडघ्यांनी पुढे सरकत होती. आत तिने हात जोडले. मी काखेतच होते, म्हणून मला ऐकू आले. "माय, आमच्या पोरीचं लगीन जमू दे." स्वतःच्या पायाचे तिने नावही काढले नाही.

बाहेर येताच शिवशरणने मला तिच्या काखेतून काढून घेतले. नवसाच्या वस्तू ठेवण्याच्या दालनात एक म्हातारा सेवक होता. बाई बरी झाली का, असे त्याने खुणेने विचारले.

"व्हय, व्हय. झाली," शिवशरण म्हणाला.

मला इतर कुबड्यांच्या ढिगात ठेवण्यात आले. उघड्या दारातून मला सगळे दिसत होते. रुद्राणीने हेमावतीला धरून उभे केले होते. शिवशरण समोर जाऊन उभा राहिला.

"सोड तिला. चल अक्का, ये."

"शिवू, पडंन रे मी."

"ये म्हंतो की!"

रुद्राणीने हात सोडला. हेमावती तोंडावर पडली. लोक धावले. शिवशरण तिच्या अंगावर खेकसला, "तुझी भक्तीच न्हाय मनापासनं." मग तिला उचलून ते घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वाळूवरून गुडघ्यांनी येताना मला दिसली. त्या गर्दीत तिचे कोणालाच नवल वाटले नाही. उलट एका बाईने तिला भक्तिभावाने वाट करून दिली. तिच्या हनुवटीवर रक्त वाळले होते. म्हाताऱ्या सेवकाने तिच्याकडे पाहिले, ढीग बाजूला सारला आणि काही न विचारता मला तिच्या हाती दिले.

"देवाला दिलेलं माघारी घेतीस?" तिच्या मागोमाग धावत आलेला शिवशरण ओरडला. "पाप लागंल."

"दिलंस तू. पाय माझा हाय."

मित्रांनो, माझी निगा राखणे सोपे आहे. रबर झिजले की बदलावे, पट्टी सैल झाली की बांधावी. पण जिच्या काखेत मी आहे, तिला विचारल्याशिवाय मला काढून घेऊ नका. तुमची श्रद्धा कितीही मोठी असो, त्यासाठी पडावे तिलाच लागते.

सोलापूर स्टेशनबाहेर शिवशरणने रिक्षा ठरवली. रुद्राणीने सगळे सामान आत कोंबले. हेमावतीने त्यातून आपली पिशवी तेवढी काढून खांद्याला लावली.

"अक्का, बसा की. कुटं निघालाव?"

हेमावतीने वाकून माझ्या रबराला चिकटलेली वाळू पुसली, आणि आम्ही दोघी संघप्रियाच्या खोलीकडे चालू लागलो.